नव्या तांदळाचे ताट

घशाच्या आजारामुळे कीर्तनसेवा थांबली, त्याला आता सहा वर्षे होतील. वीणा गळ्यात घ्यावी आणि उभे राहावे असे अजून वाटते, पण आवाज साथ देत नाही. म्हणून लेखणी धरतो. आज जे लिहितो आहे ते मी उभ्या आयुष्यात कुठल्याही कीर्तनात सांगितले नाही. सांगायला हवे होते.

माझे बिऱ्हाड अंधेरीला मरोळच्या गावठाणाला लागून. आळंदीला जोग महाराजांच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे काढली, पुढे वडील गेले, आणि पोटासाठी मुंबईला येऊन परळच्या एका गिरणीत साचेखात्यात लागलो. दिवसा साचे, रात्री कीर्तन. कीर्तनाचे मानधन घ्यायचे नाही हा गुरुजींचा दंडक, तो पाळला. पगार होता तोवर तो पाळणे सोपे होते.

शेजार ईस्ट इंडियन लोकांचा. हे मूळचे इथलेच. कोळी, कुणबी, आगरी, भंडारी अशा घराण्यांनी पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती धर्म घेतला, पण बोली मराठीच राहिली आणि म्हाताऱ्या बायकांचे लुगडेही सुटले नाही. सीप्झच्या आवारात आज जे पडके चर्च आहे ते १५७९चे. १८४०च्या सुमारास साथ आली तेव्हा लोक ते सोडून मरोळला आले. आपण त्यांना बाहेरचे समजतो आणि आपण मात्र काल परवा कोकणातून नि देशावरून आलेलो. असो.

यांचा एक सण आहे, आगेरा. ऑक्टोबरचा पहिला रविवार. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात आणि मग त्या घरोघर वाटल्या जातात. आपल्याकडे नवान्न देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत, तीच ही गोष्ट. आम्ही राहायला गेलो तेव्हाच मरोळची बरीचशी शेते एमआयडीसीत आणि सीप्झमध्ये गेली होती. शेत गेले तरी सण राहिला. शेजारच्या मावशींचे माहेर गोराईचे, तिथे भात पिकत असे.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. दोन महिन्यांत मिटेल म्हणाले, तो मिटलाच नाही. श्रावणापर्यंत बायकोचे मंगळसूत्र सोडून सगळे सोने मोडून झाले होते. वाण्याने उधारी बंद केली. घरात दोन मुले, धाकटा तीन वर्षांचा. मी संध्याकाळी हरिपाठ म्हणायचो आणि त्या वेळी मुलांच्या तोंडाकडे बघायचे टाळायचो.

त्या ऑक्टोबरात आगेऱ्याच्या दिवशी दुपारी मावशी दारात आल्या. हातात झाकलेले ताट. नव्या तांदळाचा, नारळाचे दूध घातलेला गोड भात. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, ‘‘बाबा, कोरा टोप आणून केलाय. त्याला मासळी लागलेली नाय. पोरांना दे.’’

गळ्यात तुळशीची माळ. मांसाहाराच्या घरचे शिजवलेले घ्यायचे नाही हा नेम. मी म्हणालो, ‘‘मावशी, आमच्यात चालत नाही.’’

त्या रागावल्या नाहीत. ‘‘बरं’’ म्हणाल्या आणि ताट घेऊन परत गेल्या. धाकटा उंबऱ्यापर्यंत त्यांच्या मागे गेला. बायको चुलीकडे तोंड करून बसली होती, ती काहीच बोलली नाही. ते न बोलणे अजून ऐकू येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींच्या मुलाने दाराशी तांदळाचे पोते आणून ठेवले. अर्धे भरलेले, गोराईचा तांदूळ. ‘‘आई म्हणते, शिजवलेलं नको तर कोरडा शिधा तरी घ्या. शिधा चालतो ना?’’ शिधा चालतो. शास्त्राला धरून चालतो. त्या शिध्यावर आमची दिवाळी झाली आणि पुढचा महिनाही निघाला.

पुढच्या फाल्गुनात नाथषष्ठीला जवळच्याच मंदिरात माझे कीर्तन होते. नाथषष्ठीला दृष्टान्त कोणता येणार? नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला, त्याचा वास बाहेरच्या अस्पृश्य मानलेल्या भुकेल्या जिवांना आला आणि नाथांनी ते अन्न आधी त्यांना वाढले. ब्राह्मण रुसून गेले, तेव्हा पितरच येऊन जेवले. ही कथा मी पन्नास वेळा सांगितली असेन. त्या दिवशी निम्म्यात आलो आणि बाहेरच्या ओट्यावर लुगड्याचा पदर सावरून बसलेल्या मावशी दिसल्या. त्यांना कीर्तन आवडे, कोणी बोलावण्याची वाट पाहत नसत. मृदंगमणी माझ्याकडे बघत राहिला. मी नामाचा गजर लावला आणि वेळ मारून नेली. नाथांनी अन्न दिले होते, मी न घेऊन वर नाथांची कथा सांगत होतो. देणाऱ्याची कथा सांगायला सोपी आहे. घेणाऱ्याच्या जागी आपण उभे असलो की कथेतले रुसून गेलेले ब्राह्मण कोण, ते कळते.

आरतीच्या ताटात मावशींनी चार आणे टाकले.

त्यानंतर मी थोडे वाचन केले. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ओवीछंदात छापलेले ‘क्रिस्तपुराण’ समजायला कठीण गेले. ना. वा. टिळकांचे अभंग मात्र कानाला आपलेच वाटले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा गृहस्थ टाळ घेऊन ख्रिस्ताचे कीर्तन करी आणि आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापाशी पोहोचलो असे मानी. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ बायकोने मला वाचून दाखवली. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, वाटेत जो गरजू भेटेल त्याला दिला जाई, आणि घर चालवणे लक्ष्मीबाईंकडे. बायको वाचता वाचता हसे आणि माझ्याकडे बघे.

त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत देवाकडे भाकरी मागितली आहे. चिंतन करण्यासारख्या तिच्यात दोन गोष्टी आहेत. एक, ती आजच्या दिवसापुरती मागितली आहे, कणगी भरून नव्हे. दुसरी, ती ‘मला’ नाही, ‘आम्हाला’ मागितली आहे. म्हणजे माझ्या ताटात आली आणि शेजाऱ्याच्या नाही आली तर मागणे अर्धेच पुरे झाले. मावशी हे रोज म्हणत होत्या. गोराईचा तांदूळ त्यांच्या घरी आला तेव्हा तो ‘आम्हाला’ आला असे त्यांनी धरले, आणि त्या ‘आम्ही’त मीही होतो.

येशूची एक कथा आहे. हजारो माणसे रानात बसलेली, खायला काही नाही. एका पोराजवळ पाच भाकरी आणि दोन मासे. देवाचे आभार मानून ते वाटले, सगळे जेवले, वर बारा टोपल्या उरल्या. काल्याचे कीर्तन करणाऱ्याला ही कथा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र झाल्याशिवाय काला होत नाही. मला त्या कथेतल्या पोराचे कौतुक वाटते. त्याचे नावही कोणी लिहून ठेवले नाही. त्याने शिदोरी लपवली असती तर?

मावशी १९९६ला गेल्या. त्यांच्या घरचे शिजवलेले मी त्या असेपर्यंत खाल्ले नाही. पुढे नेम ढिला पडला म्हणा, किंवा वय झाले म्हणा. गेल्या ऑक्टोबरात त्यांचा नातू बोलवायला आला. ‘‘आजोबा, आगेरा आहे, चला.’’ काठी घेऊन गेलो. लोंब्या वाटल्या, एक मलाही मिळाली. अंगणात टेबले मांडली होती. नातवाने न विचारता माझ्यासमोर एक ताट ठेवले आणि वाकून हळूच म्हणाला, ‘‘टोप वेगळा आहे. आजी सांगून गेलीय, वारकरी बाबांसाठी वेगळा ठेवायचा.’’

अठ्ठावीस वर्षे त्या घरात माझ्यासाठी एक टोप वेगळा ठेवलेला होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. भात गोड होता. पहिला घास उतरायला वेळ लागला, घसा खराब आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कोणी काही विचारले नाही.

घरी येऊन लोंबी पांडुरंगाच्या तसबिरीला लावली. सूनबाईने विचारले, हे कुठून आणले? तिला म्हटले, बस इथे, सांगतो. धाकटाही येऊन बसला. आता तो पंचेचाळीसचा आहे. त्याला ते ताट आठवत नाही.