मलबारी उडत्या बेडकास पत्र

प्रति,
मलबारी उडता बेडूक,
मु. पो. आंबोली, ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

इकडे शिरूर-दौंडात यंदाही मृग कोरडा गेला. मूग पेरायचा की थांबायचं, यावर पारावर वाद चालू आहेत. आमच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस. तुमच्याकडे जुलैत तेवढा आठवड्यात कोसळतो. हेवा वाटतो, पण तुमचा पाऊस तुम्हालाच लखलाभ. तुमच्या संसाराला तो हवाच.

तो संसार पाहिल्यापासून दर पावसाळ्यात पाय तुमच्याकडेच वळतात. डबक्यावर वाकलेल्या फांदीवर तुमच्या सौ. बसलेल्या, मागच्या पायांनी चिकट द्रव घुसळत होत्या, रवीनं ताक घुसळावं तसा. त्याचा पांढरा फेस झाला, त्यातच अंडी. फेसाचा वरचा थर सुकला तरी आत ओल टिकते. काही दिवसांनी पिल्लं थेट खालच्या पाण्यात टपकतात. फांदी तोडली किंवा डबकं बुजवलं, की सगळं मुसळ केरात.

तुम्ही तर चारही पायांचे केशरी-लाल पडदे ताणून तीस-चाळीस फूट तरंगत जाता. मग रात्री डांबरी रस्त्यावर कशाला येऊन बसता हो? सावंतवाडी-बेळगाव रस्त्यावर शनिवार-रविवारी धबधब्याची गर्दी केवढी असते! तुम्हाला रागावतो खरा, पण रस्ता तुमच्या रानात आला, तुम्ही रस्त्यात आला नाहीत, हे कळतं मला.

जेर्डननं 1870 साली तुमची शास्त्रात नोंद केली. आज संकटग्रस्तांच्या यादीत तुम्ही नाही, आणि म्हणूनच तुमची काळजी कुणाला वाटत नाही. तुमच्या शेजारच्या हिरण्यकेशीच्या माशासाठी 2021 साली तिथली जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. तुमच्या डबक्यांना तेवढा मान नको, नुसतं अभय मिळालं तरी पुरे.

सौभाग्यवतींना नमस्कार, पिल्लांना अनेक आशीर्वाद.

आपला,
घोडनदीकाठचा एक स्नेही

ता. क. हे पत्र वाचून आंबोलीला निघालेल्यांना हात जोडून विनंती : अंधार पडल्यावर गाडी हळू चालवा. फोटोसाठी बेडूक हातात घेऊ नका; तो कातडीतूनही श्वास घेतो, आणि तुमच्या हाताला डासांचं मलम लागलेलं असतं. फेस दिसला तर फांदी हलवू नका. बॅटरी विझवा आणि पुढे जा.