जुनी होडी आणि बहिणींचा हिस्सा

आमच्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. टँकर, विंधन विहीर आणि जूनमध्ये आभाळाकडे लागलेले डोळे, एवढीच आमची पाण्याची ओळख. तरीही तेरला सहल नेली की मी मुलांना सांगते, बाळांनो, हेच जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात या गावाचं नाव आहे. इथलं कापड गाड्यांमधून भडोचला जायचं आणि तिथून जहाजात चढायचं. तेव्हा कोरड्या मुलखातल्या बाईनं होडीविषयी लिहिलं तर वाचकांनी फार नवल करू नये.

होडीशी माझा संबंध नोकरीमुळे आला. मराठवाड्यातल्या कितीतरी शिक्षकांप्रमाणे माझीही पहिली नेमणूक कोकणात झाली. नऊ वर्षं मी मुरूड तालुक्यातल्या उर्दू शाळेत शिकवलं आणि मग आंतरजिल्हा बदलीनं गावाकडे आले. तिथला एक विद्यार्थी अजून ईदला फोन करतो. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला पर्यटकांना नेणाऱ्या शिडाच्या होड्यांवर तो आठ वर्षं खलाशी होता. एका ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. “मॅडम, एक जुनी होडी विकायला निघालीय. १ लाख ४४ हजार सांगतायत. माझ्याकडे १ लाख १० हजार आहेत. ६० हजार कर्ज-ए-हसना मिळेल का? व्याजाचं घ्यायचं नाही, असं ठरवलंय.”

माझ्याकडे तेवढे पैसे होते. वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता नुकताच जमा झाला होता. पण पुढच्या जूनमध्ये मुलीचा फार्मसीचा प्रवेश होता आणि ती रक्कम तिच्या फीसाठीच बाजूला ठेवलेली होती. मी घरात विषय काढला. मिस्टर म्हणाले, “शाळा सुटली, पण तुझी पोरं सुटली नाहीत.” मुलगी म्हणाली, “अम्मी, द्या. पण जूनच्या आधी परत येतील असं बघा.” तिचं म्हणणं रास्त होतं. होडी न बघता पैसे द्यायचे नाहीत असं मी ठरवलं आणि गणपतीच्या सुट्टीला दोन दिवसांची रजा जोडून आम्ही दोघं राजपुरीला गेलो.

होडी अजून किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती. पावसाळ्यात जंजिऱ्याची वाहतूक बंद असते. आमच्याबरोबर एक म्हातारे तांडेल चाचा आले. त्यांनी पहिलीच गोष्ट सांगितली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुनी होडी नेहमी जमिनीवर असताना बघावी. पाण्यात तरंगणारी होडी नव्या रंगात नवरीसारखी दिसते. तिची खरी तब्येत पोटाखाली असते.

आपल्याकडे बकरी ईदच्या आधी बाजारात उस्मानाबादी बोकड कसा पारखतात, ते मला ठाऊक आहे. दात बघायचे, डोळे बघायचे, चारी पाय चालवून बघायचे. चाचांची पद्धतही तशीच. हातात लाकडी हातोडी घेऊन ते फळी फळी ठोकत गेले. घट्ट लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं बद्द वाजतं. जिथे आवाज बदलला तिथे त्यांनी अणकुचीदार टोच्या खुपसून पाहिला. तळाचा कणा, पुढची नाळ आणि सुकाणू अडकवतात तो मागचा खांब, या तीन जागी त्यांनी सर्वांत जास्त वेळ घेतला. फळ्यांवर खिळ्यांखालून गंजाचे तांबडे ओघळ उतरले असतील तर आतला खिळा संपत आलाय असं समजावं. डोलकाठीचं बूड, जिथे पावसाचं पाणी साचतं, तेही टोचून पाहिलं. मग शीड उलगडलं. कापड उन्हानं आतून मरतं, म्हणून त्यांनी शिवणीजवळ दोन्ही हातांनी ताणून पाहिलं. तिथे ते सहज उसवलं.

“शीड गेलंय, दोन फळ्या गेल्यात. कणा मात्र पोलाद आहे,” चाचा म्हणाले.

मी म्हटलं, “चाचा, कुर्बानीच्या जनावरात आम्ही खोट चालवून घेत नाही.”

ते हसले. “जनावर वेगळं. जुनी होडी बिनखोटीची मिळत नाही, बेटी. खोट कुठे आहे, ते बघायचं. फळी बदलता येते, शीड नवं शिवता येतं. कणा बदलायचा म्हणजे दुसरी होडी बांधायची.”

त्या रात्री मला सूरह कहफमधली होडी आठवली. समुद्रात राबणाऱ्या गरिबांची ती होडी. पुढे प्रत्येक चांगली होडी बळकावणारा राजा होता, म्हणून तिला मुद्दाम खोट पाडली गेली आणि ती गरिबांकडेच राहिली. जुम्म्याला ही सूरह आपण वाचतो. याचा अर्थ खोट असलेलीच वस्तू घ्यावी असा नाही. पण थोडी खोट असलेली वस्तूच कधी कधी गरिबाच्या हाती लागते, हे मात्र मी त्या किनाऱ्यावर पाहिलं. नवी होडी त्या मुलाला जन्मात परवडली नसती.

आणि जुनी म्हणजे कुचकामी असंही नाही. 1985 ते 1987 या काळात आपल्या लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरमधल्या अधिकाऱ्यांनी ‘तृष्णा’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती नौका जेमतेम ३७ फुटांची होती आणि इंग्लंडमधून जुनीच घेतलेली होती. हे मी आमच्या विद्यार्थ्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला. चाचा मात्र हिशेबावर आले. होडीची किंमत म्हणजे विकणारा सांगतो ती नव्हे. तिच्यात पहिल्या वर्षाची दुरुस्ती मिळवली की खरी किंमत कळते. १ लाख ७० हजारांतून १ लाख ४४ हजार गेले की हातात २६ हजार उरणार होते. चाचांच्या मते दोन फळ्या, सांधे भरणं आणि शीड एवढ्यात बसत होतं, रंगाला उरत नव्हतं. “रंग पुढच्या वर्षी,” मुलगा म्हणाला. तिथे मला त्याचा भरवसा वाटला.

मग कागद पाहायला बसलो. नोंदणी होती, सागरी मंडळाच्या तपासणीचे जुने दाखले होते. पण सगळं वडिलांच्या नावावर, आणि वडील दोन वर्षांपूर्वी वारलेले. विकायला दोन मुलगे बसले होते. मी विचारलं, “आणखी वारस कोण?” अम्मी आहेत आणि दोन बहिणी आहेत, लग्न झालेल्या. “त्यांचं काय विचारायचं? होडी आम्ही चालवली,” थोरला म्हणाला.

मी म्हटलं, “चालवण्याची कमाई तुम्ही खाल्ली, ती तुमच्या घामाची. लाकूड मात्र तुमच्या अब्बांचं होतं.”

वातावरण तापलं. आमचा विद्यार्थी माझ्याकडे काकुळतीनं बघू लागला. सौदा मोडला तर त्याचा हंगाम बुडणार होता. पण उद्या बहिणींपैकी कुणी हक्क सांगितला, तर वाद त्याच्या होडीत येऊन बसला असता, आणि माझ्या मुलीची फीही त्याच होडीत होती. शिवाय दुसऱ्याच्या हिश्श्याचा पैसा दाबून झालेल्या सौद्यात कर्ज देणं मला पटणारं नव्हतं. मी कागदावर मांडून दाखवलं. आईचा आठवा भाग, १८ हजार. उरले १ लाख २६ हजार. त्याचे सहा भाग केले की दोन्ही भावांचे ४२–४२ हजार आणि दोन्ही बहिणींचे २१–२१ हजार. एकूण बरोबर १ लाख ४४ हजार. आई आत पडद्याआड बसून ऐकत होत्या. त्या आतूनच म्हणाल्या, “मॅडम सांगतात तसंच करा.”

दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाला घेऊन आम्ही थोरल्या बहिणीकडे मुरूडला गेलो आणि तिथून आगरदांड्याहून जंगरनं पलीकडे दिघीला, धाकटीकडे. तिनं चहा केला, कागद वाचला, सही केली. मग पैसे हातात घेऊन म्हणाली, “सही मागायला लोक येतात, मॅडम. हिस्सा द्यायला पहिल्यांदाच आलेत.” धाकटा भाऊ खाली बघत बसला होता.

कर्जाचाही कागद केला. सूरह बकरहमधली सर्वांत लांब आयत कर्ज लिहून ठेवण्याविषयीच आहे, पण आपल्या लोकांना नात्यात लिहायची लाज वाटते. आम्ही लिहिलं: ऑक्टोबर ते मे, आठ हप्ते, दर महिना साडेसात हजार, दोन साक्षीदार. होडी पाण्यात उतरल्यावर पहिल्या दिवशी बरंच पाणी आत आलं तेव्हा मुलगा घाबरला. चाचांनी त्याला थांबायला सांगितलं. वाळलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि सांधे आपोआप आवळतात. तिसऱ्या दिवशी उपसायला दोन बादल्यासुद्धा पाणी नव्हतं.

सात हप्ते वेळेवर आले. मे महिन्यात परबाण मोडलं आणि आठव्यासाठी त्यानं पावसाळ्यानंतरची मुदत मागितली. अडचणीतल्या कर्जदाराला सवलत द्यावी हेही त्याच सूरहमध्ये आहे, म्हणून मी होकार दिला. मुलीच्या फीत कमी पडलेले साडेसात हजार आम्ही घरखर्चातून काढले. तिचा प्रवेश झाला.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी फार थोड्या घरांत होडी असेल. पण अब्बांच्या नावावरची मोटारसायकल, शिवणयंत्र, दुकानाची पगडी, दोन एकर कोरडवाहू, यातलं काहीतरी असतंच. ते विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक यायच्या आधी बहिणीच्या दारात जा. आणि तुम्ही घेणारे असाल तर रंग बघण्याआधी विचारा, “आणखी वारस कोण?”