सकाळची कंबर

"पंचविशीत म्हाताऱ्यासारखा वाकून काय चालतोस?" बाबा रोज विचारायचे. पहाटे ३-४ वाजताच कंबर दुखून जाग यायची. सकाळी ती इतकी आखडलेली असायची, की सैल व्हायला तासभर जायचा. गंमत म्हणजे, कमाटीबागेत दोन फेऱ्या मारल्या की दुखणं कमी आणि रविवार लोळून काढला की जास्त! त्यामुळे घरात कुणाला ते खरंच वाटेना.

दोन वर्षं गाद्या बदलल्या, तेल चोळलं. एक्स-रेत काही निघालं नाही. मग एकदा डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनीच विचारलं, "सकाळी कंबर आखडते का?" त्यांनी संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. एमआरआयमध्ये कंबरेखालच्या सांध्यांना सूज दिसली, एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आलं. (ते असलं म्हणजे आजार होतोच असं नाही, हेही तिथेच कळलं.) आजाराचं नाव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. एक्स-रेत तो दिसायला काही वर्षं लागू शकतात, आणि मी तर त्या एक्स-रेवरच विसंबलो होतो.

आता औषध चालू आहे, व्यायाम चुकवत नाही. परवा मावसभावाचा फोन आला. वय २३, कंबर चार महिने दुखतेय.

"विश्रांती घेतल्यावर बरं वाटतं का रे?"

"नाही दादा, उलट चाललं की."

मावशीनं तेलाची बाटली काढलीच होती. मी संधिवाततज्ज्ञांची वेळ घेऊन टाकली.