रात्रीची लाईट, हरभरा आणि इन्सुलिन



आज हरभऱ्याच्या पाण्याबरोबर माझ्या सुईचीही नोंद करतो. साखरेचा आजार होऊन मला पंधरा वर्षं झाली, इन्सुलिन सुरू होऊन पाच. सकाळी आणि रात्री जेवणाआधी मिक्स इन्सुलिन घेतो आणि सहा एकर रान बघतो. आमच्या अहमदपूर-लोहा पट्ट्यात असे बरेच शेतकरी आहेत, पण कुणी बोलत नाही. सुई लागली म्हणजे माणूस संपला, असं लोक समजतात.

खरं तर उलटं आहे. १९२१ साली कॅनडात टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं आणि जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या पोराला पहिली सुई दिली. त्याआधी अशा लेकरांना अर्धपोटी ठेवून दिवस काढायचे, दुसरा इलाज नव्हता. म्हणजे सुई हा शेवट नाही, जगायचं साधन आहे. फक्त तिचं आणि शेतीचं वेळापत्रक जुळत नाही.

सुई घड्याळावर चालते. माझी सुई घेतली की अर्ध्या तासात जेवण पोटात गेलंच पाहिजे. शेती चालते लाईटीवर, पावसावर आणि मजुरांवर. थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्यात इन्सुलिन साखर उतरवतं आणि अंगमेहनतही साखर उतरवते. दोन्ही एकत्र आलं की साखर झपकन खाली येते. काम थांबल्यावरही ती कित्येक तास उतरू शकते. दिवसभर सोयाबीन कापलं, बनीम लावली, तर धोका रात्री झोपेतही असतो.

गेल्या पौषातली गोष्ट. आठला सुई आणि जेवण झालं. निघताना मशीनवर साखर चांगली होती. रात्री एक पाईप फुटला आणि तासाभराचं काम तीन तासांवर गेलं. दीडच्या सुमारास, अंगावर काटा येणाऱ्या थंडीत मला दरदरून घाम सुटला. हात थरथरायला लागले, पाईपची कडी बसेना. सालगडी म्हणाला, "मालक, काय बोलायलाव? काहीच कळंना." त्याला मी आधीच सगळं सांगून ठेवलेलं होतं. त्यानं माझ्या खिशातली साखरेची पुडी काढली, पाण्यात घोळून पाजली आणि आखाड्यावर नेऊन बसवलं. मशीनवर ५८ आली. पंधरा मिनिटांनी ९६. मग भाकरी खाल्ली. माहीत नसलेला कुणी असता तर म्हणाला असता, पिऊन आलाय. साखर उतरलेला माणूस आणि प्यालेला माणूस लांबून सारखेच दिसतात. म्हणूनच आजार लपवण्यात धोका आहे.

त्या रात्रीनंतर डॉक्टरांना सगळं सांगितलं. जड कामाच्या दिवशी किती युनिट घ्यायचे ते त्यांनी वेगळं लिहून दिलं. आपल्या मनानं डोस वाढवायचा नाही, कमी करायचा नाही, बंद तर अजिबात नाही. शेजाऱ्याचा डोस आपल्याला लागू पडत नाही.

आता माझा नेम असा. सुई टोचली की मोटर जळाली म्हणून कुणी हाक मारली तरी आधी जेवण. येळवशीला पूजा होऊन भज्जी-आंबिल ताटात यायला उशीर होतो, म्हणून त्या दिवशी सकाळचं जेवण टाळत नाही. रात्री पाण्याला निघताना साखर तपासायची. शंभरच्या खाली असली तर खाऊनच निघायचं. खिशात तीन चमचे साखरेच्या दोन पुड्या. शेंगदाण्याची चिक्की या कामाला चालत नाही, तिच्यातल्या तेलामुळं साखर हळू चढते. साखर सत्तरच्या खाली गेली की तीन चमचे खायची, पंधरा मिनिटं बसायचं, परत तपासायची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन लावा.

उन्हाळ्यात पारा ४२ वर जातो आणि लाईट गेली की फ्रिज नावालाच. मी बाटली घट्ट डबीत घालून ओलं फडकं गुंडाळलेल्या माठात ठेवतो. बर्फाच्या कप्प्यात आणि गाडीच्या डिकीत कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही. उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहितो आणि २८ दिवसांनी ती टाकून देतो.

सिरिंज घेताना टोपण बघा. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची, १०० च्या बाटलीला नारिंगी टोपणाची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं घेतलं तर अडीचपट डोस जातो. तणनाशकाचं माप चुकलं तर पीक जळतं, इथं माणूस जातो.

तिशी ओलांडलेल्यांची साखर सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात. आपल्या शिवारात सुई घेणारा कुणी असेल तर त्याला आजच दोन गोष्टी विचारा: खिशात साखर आहे का, आणि रात्री पाण्याला सोबत कोण आहे? सोबत कुणी नसेल तर तासाभरानं फोन तरी करा. उद्या माझी पाळी रात्रीची आहे. पुतण्या येतो म्हणालाय.