रविवारी गोल्फ बंद, म्हणून गेलो

गोल्फची स्टिक मी आयुष्यात धरलेली नाही. तरी एडिंबराच्या ऑफिस ट्रिपमधला एकुलता एक रविवार सेंट अँड्र्यूजला घातला. कारण रविवारी तिथल्या ओल्ड कोर्सवर सहसा खेळ बंद असतो आणि कुणीही फुकट फिरू शकतं. (फक्त ग्रीनवर पाय ठेवू नका.) ल्यूकर्सपर्यंत ट्रेन, पुढे बस.

रात्रभर धो धो पाऊस झालेला. शूजची वाट लागणार हे गृहीतच होतं. पण स्विल्कन ब्रिज ओलांडून बराच पुढे गेलो तरी चिखलाचा ठिपका नाही! खाली सगळी किनाऱ्याची वाळू, पाणी सरळ मुरतं.

अर्थात नुसत्या वाळूवर भागत नाही. पायांनी जमीन दबते, वर मेलेल्या गवताचा स्पंजासारखा थर साचतो आणि पाणी तिथंच अडतं. मग पोकळ दातांच्या मशीनने मातीच्या कांड्या उपसायच्या आणि भोकांत वाळू भरायची. १८६०च्या दशकात इथे ग्रीनकीपर झालेला ओल्ड टॉम मॉरिस तर ग्रीनवर वाळू पसरण्यासाठीच ओळखला जायचा.

मला आमचं कोथरूड आठवलं. रिटायर झाल्यावर बाबांनी हौसेने लावलेलं लॉन दर जुलैत कुजतं. निघताना मीच फटकन म्हटलं होतं, "सरळ पेव्हर ब्लॉक टाका." ते काहीच बोलले नव्हते.

तिथूनच फोन लावला. "बाबा, पेव्हरवाल्याला थांबवा. काळ्या मातीत थोडी वाळू कालवू नका हं, आणखी घट्ट होईल. भोकं पाडून माती बाहेर काढायची, मग वाळू. आणि कडेला पाण्याला उतार."

पलीकडे शांतता. मग, "वाळू ब्रासला कितीला झालीय, ठाऊक आहे का?"

आणि लगेच, "भोकं किती खोल?"