नववं माणूस

सत्तरी जवळ आली, की आपण दिवसभर काय करावं याची यादी इतरांनी तयार ठेवलेली असते. सकाळी फिरायला जावं, दुपारी पोथी वाचावी, संध्याकाळी गुडघ्यांना तेल चोळावं. माझ्या यादीत कॉम्प्युटरवरचा खेळ कुणीच घातला नव्हता. तो नातीनं घातला. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत ती आली आणि जाताना आपला जुना लॅपटॉप माझ्यापाशी ठेवून गेली. म्हणाली, "आजी, तुला लोकांच्या घरच्या चौकशा करायला आवडतात ना? मग हा खेळ तुझ्यासाठीच आहे." मला राग यायला हवा होता, पण बोलणं खरं असलं, की राग नीटसा येत नाही.

खेळाचं नाव 'द सिम्स'. त्यात कुणाला हरवायचं नसतं. एक माणूस घडवायचं, त्याला घर बांधून द्यायचं आणि मग ते जेवलं का, झोपलं का, कामावर वेळेवर गेलं का, हे पाहत बसायचं. म्हणजे मी चाळीस वर्षं जे बिनपगारी केलं तेच. विल राइट नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी तो रचला. १९९१ साली ओकलंडच्या मोठ्या वणव्यात त्यांचं घर जळालं. संसार पुन्हा मांडताना, माणसाला खरोखर काय काय लागतं, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला आणि २००० साली हा खेळ बाजारात आला. पहिल्या खेळात मुलं मोठी होत नसत आणि मोठी माणसं म्हातारी होत नसत. २००४ सालच्या दुसऱ्या खेळात वय आलं, म्हातारपणाचं मरण आलं आणि बापाचं नाक मुलीला येऊ लागलं. मी खेळते तो चौथा, २०१४ सालचा. तिथलं एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद; त्यामुळे दिवस चोवीस मिनिटांत मावळतो. आपला कुकर होऊन वाफ जिरेपर्यंत तिथे दुसरा दिवस उजाडलेला असतो.

खेळणाऱ्यांनी आपसांत एक रीत पाडली आहे. मोकळ्या जागेवर एकट्या माणसानं सुरुवात करायची आणि त्याचा वंश दहा पिढ्या चालवायचा. दर पिढीत एक वारस निवडायचा, घर त्याचं. बाकीच्या भावंडांनी दुसरीकडे बिऱ्हाड करायचं. ऐकताना किती सोपं वाटतं!

मी सगुणा नावाची बाई घडवली. पहिल्याच आठवड्यात तिनं शेगडीला आग लावली. पुढच्या आठवड्यात बिल थकलं म्हणून घरात अंधार झाला. पण बाई चिवट निघाली. तिनं भाजी पिकवली, विकली, लग्न केलं, खोल्या वाढवल्या. ही माणसं जी भाषा बोलतात ती जगात कुणाचीच नाही; तरी भांडण कुठलं आणि लाडीगोडी कुठली, हे मला अचूक कळे. एके दिवशी काळ्या झग्यातला यमदूत दारात उभा राहिला. घरच्या कुणी गयावया केली तर तो कधीकधी सोडूनही देतो म्हणे. माझ्या वेळी त्यानं ऐकलं नाही. सगुणा गेली त्या रात्री मी जेवले नाही, हे नातीला अजून सांगितलेलं नाही.

तिसऱ्या पिढीत दोन बहिणी होत्या. विमल चित्रं काढायची, चारचौघांत हसायची. कमल एकलकोंडी. तिनं रांधलेलं करपायचं. तिला नदीकाठी गळ टाकून बसायला आवडे. वारस कोण, हा प्रश्नच नव्हता. विमलचं लग्न झालं, मुलं झाली, म्हातारे आईबाप होतेच. मग विमलला आणखी मूल हवं होतं, पण खेळ अडून बसला. या खेळात एका घरात आठच माणसं राहू शकतात. नववं माणूस मावत नाही.

मी दोन बटणं दाबली आणि कमलला गावाच्या टोकाला एका लहानशा घरात पाठवलं. फार विचार केला असं म्हणता येणार नाही. पुढे बारशी, शाळा, नातवंडं या धांदलीत मी तिच्याकडे एकदाही फिरकले नाही. एका दुपारी विमलच्या नातवाचा वाढदिवस चालला असताना पडद्याच्या कोपऱ्यात दोन ओळी आल्या : कमल वारली. विमल केक तसाच ठेवून मान खाली घालून उभी राहिली. मी मुकाट्यानं वंशवृक्ष उघडला. सगुणेपासून निघालेल्या फांद्यांत कमलचं चित्र आपल्या जागी होतं. नवरा नाही, मूल नाही. पण नाव होतं, चेहरा होता. खेळानं तिला गाळलं नव्हतं. गाळलं होतं मी.

तेव्हा मला माई आठवली.

माई म्हणजे माझी आत्या, बाबांची मोठी बहीण. बाराव्या वर्षी लग्न झालं, सोळाव्या वर्षी कपाळ पुसून ती वाईच्या आमच्या घरी परत आली आणि १९८३ साली तिथेच गेली. त्या वाड्यात एका वेळी चौदा पानं मांडली जात; नववं माणूस कोण, हे कुणी कधी मोजलं नाही. आम्हां भावंडांना न्हाऊमाखू तिनं घातलं. दिवाळीच्या पहाटे पाठीला उटणं लावणारा हात तिचा. भाऊबीजेला बाबा पाटावर बसत ते तिच्यापुढे.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त छापलेला आहे, माझ्या जन्माआधीचा. कपाटाच्या तळातून तो काढला. आजोबांच्या नावाखाली तिन्ही मुलग्यांची नावं, शिक्षण, नोकऱ्या आणि सासुरवाड्यासुद्धा दिल्या आहेत. शेवटी दोन शब्द : 'मुलगी १.'

मी पेन घेऊन बसले आणि तशीच थांबले. माईचं नाव काय? सासरचं नाव रेशनकार्डावर होतं, ते मला आठवत होतं. पण ते लग्नात तांदळांत लिहिलेलं, आणि तिनं ते चार वर्षंच काय ते वागवलेलं. या घरी जन्मली तेव्हा तिचं नाव काय ठेवलं होतं? चुलतभावाला फोन केला. तो चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "माई म्हणजे माईच की गं." मग आम्ही दोघंही गप्प राहिलो. जिनं आम्हांला नावानं हाका मारून मारून वाढवलं, तिला नावानं हाक मारणारं माणूस पन्नास वर्षांपूर्वीच संपलं होतं.

ते नाव माझ्या हातात रोज होतं, हे दिवाळीच्या साफसफाईत कळलं. माझ्या लग्नात माईनं मला एक पितळेचं फुलपात्र दिलं होतं. तुळशीला पाणी घालायला मी तेच घेते. काठाखाली झिजलेली अक्षरं होती. बोटाला लागत, वाचता येत नसत. कुणा दुकानदाराचं नाव असेल, असं मी धरून चालले होते. या वेळी चिंचेनं घासून उन्हात धरलं, चष्मा लावला, वर पिठाची चिमूट चोळली. खाचांत पीठ बसलं आणि अक्षरं पांढरी उठून आली : 'चि. द्वारका. शके १८४०.' कुणीतरी हौसेनं तीन वर्षांच्या मुलीसाठी नाव घालून घेतलं होतं.

कुलवृत्तान्तात 'मुलगी १'च्या पुढे मी 'द्वारका' असं लिहिलं, आणि त्याच्यापुढे, जागा होती तेवढ्यात, 'हिनं सात मुलं वाढवली.' छापील पुस्तकात पेनानं लिहिणं बरं दिसत नाही. पण चुलतभावाला वाचून दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "पेन्सिलीनं नाही ना लिहिलंस?"

मला राहून राहून एकाच गोष्टीचं नवल वाटतं. त्या खेळात कमलला घरात जागा मिळाली नाही, वंशवृक्षात मिळाली. आमच्या वाड्यात माईला जन्मभर जागा मिळाली. कागदावर मिळाली नाही. दोन्ही ठिकाणी हात आपल्यासारख्यांचाच होता. खेळाला आठाची मर्यादा तरी होती. पुस्तकाच्या त्या पानावर चार बोटं जागा कोरी होती.

माझी सध्या सहावी पिढी चालू आहे. वारस निवडावाच लागतो, त्याला इलाज नाही. पण बाकीच्या भावंडांची बिऱ्हाडं मी आता जवळपास करून देते आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांना जेवायला बोलावते. त्यामुळे खेळ फार सावकाश चालतो. नात परवा फोनवर म्हणाली, "आजी, अशानं दहा पिढ्या कधी व्हायच्या?"

मी म्हटलं, "होतील गं. आधी ही माणसं जेवून घेऊ देत."