स्कायरिममध्ये रमताना

'स्कायरिम' हा व्हिडिओ गेम 2011 च्या नोव्हेंबरमध्ये आला, पण थंडी पडली की मला अजूनही तिकडेच जावंसं वाटतं. नव्यानं खेळणाऱ्याला माझं पहिलं सांगणं असं, की घाई करू नका. जगावर ड्रॅगनचं संकट आलंय हे खरं, पण मुख्य कथा तुमच्यासाठी थांबून राहते.

खेळाच्या सुरुवातीला हेल्गेन गावाहून रिव्हरवुड गावाकडे उतरताना वाटेत तीन उभ्या शिळा लागतात: योद्धा, जादूगार आणि चोर. एकीला हात लावला की त्या वाटेची कौशल्यं वीस टक्के अधिक वेगानं वाढतात. इथे कौशल्य वापरूनच वाढतं. धनुष्य चालवाल तर धनुर्विद्या, दबकत चालाल तर लपण्याची कला. ही रचना मला फार प्रामाणिक वाटते.

ओझ्याचं मात्र भान ठेवा. सुरुवातीची मर्यादा तीनशेची. ती ओलांडली की धावता येत नाही, नकाशावरून झटकन दुसरीकडे पोहोचताही येत नाही. म्हणून जड चिलखतं सोडा, फुलं-पानं गोळा करा. त्यांना वजन जवळजवळ नसतंच. निळं डोंगरफूल आणि गहू एकत्र केले की जखमा भरून काढणारं औषध तयार होतं. अनोळखी वनस्पती चाखून बघा, तिचा पहिला गुण लगेच कळतो.

आणि झटपट प्रवास शक्यतो टाळाच. व्हाइटरन शहराबाहेरच्या माळावरून रात्री पायी चाला. आकाशात हिरवा प्रकाश हलत असतो, संगीतकार जेरेमी सोलचं संगीत हळूच सुरू होतं. नकाशावर बोट ठेवून पोहोचणाऱ्याला यातलं काहीच भेटत नाही.